घाणीपासून मिक्सरपर्यंत : माल कालवण्याच्या अवजारांचा इतिहास

वास्तूंच्या इतिहासात बांधवून घेणाऱ्यांची नावे असतात. क्वचित एखाद्या कारागिराचे नावही शिलालेखात सापडते. परंतु दोन दगडांमध्ये किंवा दोन विटांमध्ये जो माल असतो, तो कोणी कालवला, कशाने कालवला आणि किती वेळ कालवला, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. भिंत उभी राहते ती मात्र त्याच्याच भरवशावर. दगड फुटून पडलेली भिंत विरळा. भिंत सुटते ती सांध्यात.

माझे आयुष्य बांधकाम मजुरांच्या संघटनेत गेले. मी इंजिनियर नाही आणि शाळेची पायरीही फार वर चढलो नाही. जे वाचले ते रात्री वाचले, आणि वाचलेले पडताळून पाहिले ते गवंड्यांना आणि बिगाऱ्यांना विचारून. आजचा विषय कित्येकांना रूक्ष वाटेल. परंतु आपण अंधेरी-बोरिवलीकडचे आणि मुलुंड-घाटकोपरकडचे लोक. आपल्यापैकी अनेकांच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गळतीचा विषय दरवर्षी निघतो आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर जातो. त्या गळतीचे मूळ पुष्कळदा गच्चीत नसते. इमारत उभी राहत होती तेव्हा तिच्या पायथ्याशी पडलेल्या मालाच्या ढिगात ते असते.

कालवण्याचे अवजार योग्य की अयोग्य, हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. पहिला : मालाला काय हवे आहे? रगडणे, उलटापालट करणे, की नुसते ढवळणे? दुसरा : माल किती वेळ देतो? तिसरा : ते अवजार कोणाच्या पाठीवर चालते? पहिले दोन प्रश्न इंजिनियर विचारतो. तिसरा सहसा कोणी विचारत नाही, आणि तो न विचारल्यामुळे पहिल्या दोहोंची बरोबर उत्तरेही कामावर चुकीची ठरतात. हेच मला इतिहासाच्या आधाराने मांडायचे आहे.

न कालवता बांधलेले

आरंभ आपल्या दाराशीच करू. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. पण ती कोरलेली आहेत, बांधलेली नाहीत. डोंगर अखंड, म्हणून सांधा नाही. सांधा नाही, म्हणून माल नाही. पुढे अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. त्यातील शिलालेखाचा शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. तेथे दगड घडवून एकमेकांत असे बसवले आहेत की चुन्याची गरज पडू नये. पुढे ज्याला लोक हेमाडपंती म्हणू लागले, त्या बांधणीचे हेच वैशिष्ट्य. तिची सारी अक्कल छिन्नीत आहे.

पण ही बांधणी देवाला आणि राजाला परवडणारी. सामान्य माणसाचे घर मातीचे, आणि मातीच्या घराचे कालवण्याचे पहिले अवजार म्हणजे माणसाचे पाय. माती भिजवायची, तीत भुसा किंवा तूस घालायचे आणि ती तुडवायची. हे अवजार हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पायाला खडा टोचतो, पायाला गोळा कळतो, आणि चिकटपणा आला की पाय उचलताना तोही कळतो. अवजार आणि पारख करणारा येथे एकच आहे. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचा चुरा मिसळलेला असल्याचे संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. गिलावा तडकू नये आणि त्याला कीड लागू नये, म्हणून कोणीतरी तो चुरा त्यात एकजीव केला होता. त्या कालवणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याचे काम मात्र हजाराहून अधिक वर्षे भिंतीला धरून आहे.

घाणीचा काळ

चुना आपल्याकडे जुनाच. पण किल्ले, मशिदी, चर्चे, वाडे असे मोठे काम मध्ययुगात वाढले, तसा त्याचा वापर सर्रास होऊ लागला. आपल्या साष्टी बेटावर आणि वसईला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून बांधलेल्या इमारतींचे अवशेष आजही उभे आहेत. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावरील पडक्या भिंती आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची रीत होती. ‘चुनेगच्ची’ हा शब्द जुन्या कागदांत येतो तो पक्क्या बांधकामाची ग्वाही म्हणून.

या चुन्याचे अवजार म्हणजे घाणी. जमिनीत दगडांनी बांधून काढलेला वर्तुळाकार चर, मध्यभागी खुंटा, खुंट्याला जोडलेली आडवी दांडी, दांडीवर उभे फिरणारे जड दगडी चाक आणि दांडीच्या टोकाला जुंपलेला बैल. लोहगडावर गेलात तर अशी घाणी पाहायला मिळते. पुष्कळ प्रवासी तिला तेलाची घाणी समजतात. जात एकच, काम निराळे.

चुन्याला चाकच का लागले? कळीचा चुना पाण्यात विरवला तरी त्यात काही खडे न विरलेले राहतात. ते तसेच भिंतीत गेले, तर पुढे ओल लागून विरतात, फुगतात आणि गिलाव्याचे पापुद्रे उडवतात. चाकाखाली ते चिरडले जातात. शिवाय चुन्यात वाळू आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, नुसती मिसळून भागत नाही. चुना प्रत्येक कणाला दाबून चोळला गेला पाहिजे; मगच सुरखीची आणि चुन्याची ती क्रिया नीट घडते, जिच्यामुळे माल पाण्याखालीही घट्ट होतो. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत. आपल्याकडे गुळाचे पाणी, बेलफळाचे पाणी असेही काही घालीत.

आता तीन प्रश्न लावून पाहा. मालाला रगडणे हवे, घाणी रगडते. वेळेचे म्हणाल, तर विरवलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला की महिनोन्‌महिने टिकतो, उलट मुरून चांगला होतो. म्हणून बैलाच्या चालीने चालले तरी बिघडत नाही. आणि पाठ बैलाची. यातून आणखी एक लाभ होतो, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. जड चाक घट्ट मालही मळू शकते. माल सैल करण्यासाठी त्यात जास्तीचे पाणी ओतण्याची कोणाला गरजच पडत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढच्या साऱ्या कथेचा तो कणा आहे.

मराठीत फसवणुकीला ‘चुना लावणे’ म्हणतात. बिचाऱ्या चुन्यावर हा अन्याय आहे. नीट रगडलेल्या चुन्याने फारच थोड्यांना फसवले असेल.

फुले यांचे खडकवासले आणि आपले तानसा

एकोणिसाव्या शतकात बांधकाम ही सरकारी खात्याची आणि कंत्राटदाराची गोष्ट झाली. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाच्या कंत्राटांत होते आणि खडकवासल्याच्या धरणाला साहित्य पुरवणाऱ्यांत त्यांचा समावेश होता, हे बहुतेकांना ठाऊक नसते. इंजिनियर खात्यातील लबाडीवर त्यांनी काव्यही रचले. शेतकऱ्याचा आसूड ज्यांनी ओळखला, त्यांनी बिगाऱ्याचे घमेलेही जवळून पाहिले होते. १८७९ च्या सुमारास पुरे झालेले ते दगडी धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा लोंढा येईपर्यंत पाणी अडवून उभे होते.

आपल्या घराजवळचे उदाहरण तानशाचे. १८९२ साली पुरे झालेले हे दगडी धरण, हिंदुस्थानात सिमेंटचा कारखाना निघण्याच्या कितीतरी आधीचे. तानशाचे पाणी अजूनही मुंबईला मिळते. मुलुंड आणि घाटकोपरकडची मंडळी ते जाडजूड नळ रोज ओलांडतात. सव्वाशेहून अधिक वर्षे त्या पाण्याचा भार चुन्यातली दगडी बांधणी पेलत आहे. सिमेंटवाचून पक्के बांधकाम होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी सकाळी तोंड धुताना तानशाची आठवण काढावी.

सिमेंट आले आणि घड्याळ आले

१८२४ साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना १९१४ साली सुरू झाला आणि १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही मोठी कंपनी मुंबईत उभी राहिली. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली अंधेरी-जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत. म्हणजे गिरगाव चुन्याच्या काळात वाढले असेल, पण आपली उपनगरे सिमेंटचीच लेकरे.

सिमेंटने कालवण्याची सारी रीत पालटली. चुना सवड देतो. सिमेंट देत नाही. भारतीय मानकाप्रमाणे साधे सिमेंट पाणी लागल्यापासून ३० मिनिटांच्या आत आळू लागता कामा नये. पण त्यानंतर ते थांबत नाही. कालवलेला माल सुमारे दोन तासांत भिंतीला लागलाच पाहिजे. सिमेंट कारखान्यातच बारीक दळलेले असते. त्याला रगडणे नको, झटपट आणि सारखी मिसळण हवी. तेव्हा घाणी गेली. तिच्या जागी कोणते अवजार यायला हवे होते? फिरणारे यंत्र. पण बहुतेक कामांवर आले ते फावडे. बैलाची पाठ गेली आणि माणसाची आली. त्यातही पुष्कळदा बाईची.

‘बिगारी’ हा शब्दच पाहा. तो वेठबिगारीतला. ज्याला दाम द्यायचा नाही, त्याच्याकडून करून घ्यायचे ते काम. घाणीवर चुना मळणाऱ्याला चुन्याची पारख असे. सिमेंटच्या कामावर सारी पारख गोणीवर छापलेली, असे मालकाने ठरवले आणि कालवणारा सर्वांत खालच्या मजुरीचा धनी झाला. बाई तर आयुष्यभर फावडे-घमेले हाताळते, पण थापी तिच्या हाती येत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग खडी, हे स्लॅबचे जुने प्रमाण. ५० किलोची एक गोणी, तिला साजेशी रेती आणि खडी मिळून वजन सुमारे ३७० किलो होते. नियम असा की पत्र्यावर कोरडा माल तीन वेळा उलटावा, रंग एकसारखा झाला की मध्ये आळे करून पाणी घालावे आणि पुन्हा तीन वेळा उलटावा. म्हणजे एका गोणीमागे दोन टनांहून अधिक माल फावड्याने उचलून उलटायचा. दिवसाला दहा गोण्यांचे काम असेल, तर वीस टनांवर. हे दोन माणसांनी, वैशाखाच्या उन्हात!

मग काय होते? सहाच्या जागी तीन वेळा उलटले जाते आणि पाण्याची एक बादली जास्त पडते. पाणी जास्त पडले की माल हलका चालतो, फावडे सहज शिरते. मुकादम ओरडतो तो वेळेसाठी. पाण्यासाठी ओरडणारा कोणी नसतो. श्रोतेहो, जेथे योग्य अवजार दिले जात नाही, तेथे पाणी हेच बिगाऱ्याचे अवजार होते. हे त्याने आळसाने केलेले नसते; वीस टन ज्याच्या अंगावर टाकले, त्याने आपला कणा वाचवण्यासाठी ते केलेले असते.

या बादलीची किंमत १९१८ साली अमेरिकेत डफ अ‍ॅब्रॅम्स याने मोजून दाखवली. काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते : पाणी वाढले की ताकद घटते. सिमेंटला घट्ट होण्यासाठी आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतके पाणी पुरते, म्हणजे गोणीला बारा-तेरा लिटर. काम होण्यापुरता सैलपणा यावा म्हणून आपण पंचवीस लिटर घालतो. त्यावर आणखी दहा लिटरची बादली पडली, की ढोबळमानाने तिसरा हिस्सा ताकद गेली. जास्तीचे पाणी उडून जाते, मागे सूक्ष्म वाटा ठेवून. त्या वाटांनी पावसाचे पाणी आणि समुद्राची खारी हवा आत शिरते आणि सळईला गंज चढतो. गंज फुगतो, काँक्रीटला तडा जातो आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा ताटात पडतो.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. हाताने कालवायची वेळ आली, तर दहा टक्के सिमेंट जास्त घालावे, असा नियम सरकारी बांधकामाच्या पद्धतीत आहे. म्हणजे अवजार नसल्याचा दंड नियमानेच दशांश ठरवला. पण हा दशांश खरोखर कोणाच्या ढिगात पडला? सिमेंट तेव्हा परमिटावर मिळे. टंचाई एवढी की त्याच्या वाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्ण. ज्या काळात गोणीसाठी रांग होती, त्याच काळात आपल्या उपनगरांतील असंख्य इमारती उभ्या राहिल्या. आज त्या तिशी-चाळिशी ओलांडून संरचना तपासणीच्या आणि पुनर्विकासाच्या रांगेत आहेत, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

मापाचेही असेच. घमेले हे वाहण्याचे अवजार. आपण ते मापाचे केले. शीगोशीग घमेले आणि दमलेल्या दुपारचे घमेले सारखे नसते. रेती ओलसर असली की फुगते, तेव्हा मापात कमी भरते. यासाठी ३५ लिटरची पेटी असते : ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ खोल. एक गोणी सिमेंटही तेवढेच भरते. कामावर तिला ‘फर्मा’ म्हणतात. चार फळ्यांची ही पेटी सर्वांत स्वस्त, आणि कामावर सर्वांत दुर्मिळ.

मिक्सर : त्याने काय दिले, काय ठेवले

मिक्सर आला तेव्हा मजुरांत धास्ती होती. यंत्र आले की हात रिकामे, हा अनुभव मुंबईला नवा नव्हता. १९२८ चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप याच धास्तीतून पेटला होता. पण यंत्र हवे की नको, हा प्रश्न अर्धाच आहे. यंत्राने कोणते ओझे उचलले आणि कोणते तसेच ठेवले, हे पाहिले पाहिजे.

आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचा तो ‘दहा-सात’ मिक्सर. दहा घनफूट कोरडा माल आत, सात घनफूट ओला माल बाहेर. एका गोणीचा घाणा त्यात बरोबर बसतो. ‘घाणा’ हा शब्द तेवढा जुन्या घाणीची आठवण म्हणून राहिला. पिंपाने निदान दोन मिनिटे फिरले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. कालवण्याचे दोन टन या यंत्राने खरोखर उचलले, आणि काँक्रीट सुधारले. पण हॉपर भरतो कोण? घमेली वाहणारी माणसांची साखळीच. स्लॅबच्या दिवशी मिक्सरची लय माणसाला धरावी लागते. पूर्वी निदान फावड्याची लय माणसाची होती. म्हणून मिक्सरबरोबर माणसे कमी करायची नसतात, पाळी बदलून माणसे द्यायची असतात. तसे केले नाही, तर दोन मिनिटांचे एक मिनिट होते आणि बादली पुन्हा कामाला लागते.

आणखी एक चूक सरसकट होते. स्लॅबचा मिक्सर गिलाव्याच्या मालाला लावतात. पिंपात माल मिसळतो तो खडी वर जाऊन आदळते म्हणून. गिलाव्याच्या मालात खडी नसते. मग रेती-सिमेंट पिंपाच्या अंगाला चिकटते, गोळे होतात. त्याला परातीसारख्या भांड्यात पाती फिरणारे यंत्र हवे. पुन्हा पाहा, चिकट गोळे सोडवायला माणूस काय ओततो? पाणी.

रंगाऱ्याची काठी

रंगाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात कालवणाऱ्याच्या शरीराचा प्रश्न अधिक उघडा आहे. युरोपात रंगारी सफेद्याची, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या भुकटीची, पूड जवसाच्या तेलात कामावरच कालवीत. ती धूळ नाकातोंडात जाई आणि शिसे अंगात भिने. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने यावर करार केला. त्यातील एक कलम कालवण्याचेच आहे : असा पांढरा रंग वापरायचाच झाला, तर तो लगदा किंवा तयार रंग म्हणूनच यावा, कोरडी भुकटी कामावर वापरायची नाही. अवजाराची निवड हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे जगाने त्या वर्षी कबूल केले. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली.

आज डब्यातला रंग, फरशीचा चिकटवण्याचा माल, ठोकळ्यांच्या सांध्यांचा माल हे सारे हातातल्या विजेच्या ढवळणीने कालवतात. ती घेताना नुसती ताकद पाहू नये, पात्याचा पीळ पाहावा. जड मालाला असे पाते हवे जे तळाचे वर उचलते. पातळ रंगाला असे हवे जे वरचे खाली ढकलते, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत आणि हवा शिरत नाही. वेग मंद ठेवावा. भांड्यात आधी पाणी, मग भुकटी. उलट केले की तळाशी गुठळ्या राहतात आणि धूळ वर येते. एकदा ढवळून पाचेक मिनिटे मुरू द्यावे आणि पुन्हा ढवळावे. रंगाऱ्याची साधी काठीही वाईट नाही. चपटी असावी आणि तळ खरवडणारी असावी. गोल काठी रंगात भोवरा करते, मिसळ करत नाही.

सिमेंटही अंगाला सोडत नाही. ते तिखट क्षारासारखे कातडी खाते आणि त्यातील क्रोमियममुळे अनेकांना कायमचा खरजेसारखा विकार जडतो. ज्या बाया अनवाणी आळ्यात उभ्या राहतात, त्यांच्या टाचा पाहा. रबरी बूट आणि हातमोजे ही कालवण्याचीच अवजारे आहेत, चैनीच्या वस्तू नव्हेत.

फिरत्या पिंपातले पाणी

तयार काँक्रीटचे पेटंट जर्मनीत १९०३ साली निघाले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फिरत्या पिंपाच्या गाडीची कल्पना आली. मुंबईत हा धंदा रुजला तो गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, उड्डाणपुलांच्या कामांबरोबर. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिचे खांब पाहताना कोणाला पत्र्यावरचा ढीग आठवत नाही, आणि ते योग्यच आहे. संगणकाने मोजलेला माल, हिशेबातले पाणी : याहून चांगले अवजार आजवर झाले नाही.

पण दुसरा प्रश्न, वेळेचा, तो रस्त्यावर गाठतो. मानकाप्रमाणे पाणी पडल्यापासून साधारण दोन तासांत माल उतरला पाहिजे. गाडी द्रुतगती मार्गावर अडकली, माल आळू लागला, पंप ओढीना. मग कोणीतरी नळी पिंपात सोडतो. फावड्याच्या ढिगात पडणारी बादली कोट्यवधींच्या यंत्रातही पडू शकते. कारण तेच : चालकाला खेपेवर पैसे, पंपवाल्याला वेळेवर पैसे आणि माल परत पाठवण्याचा अधिकार दोघांनाही नाही.

तात्पर्य

हा सारा इतिहास मला एका वाक्यात सांगायचा झाला तर असा : कालवणाऱ्याच्या पाठीवर जे ओझे आपण टाकतो, ते तो पाण्यात उतरवतो आणि पाणी ते भिंतीत ठेवते. मजुराचे हित आणि इमारतीचे हित येथे वेगळे काढता येत नाही. १९९६ साली संसदेने बांधकाम मजुरांसाठी कायदा केला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला, आणि महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ २०११ साली स्थापन झाले. पुढे २०२० सालच्या श्रमसंहितांत तो कायदा सामावला गेला. कायदे हवेतच, पण पत्र्यावरच्या ढिगाशी रोज उभा राहणारा निरीक्षक कोणत्याच सरकारजवळ नाही.

तेथे आपण उभे राहू शकता. आपल्या सोसायटीची दुरुस्ती निघाली की निविदा मागवल्या जातात. त्यांत सिमेंटच्या जातीचा रकाना असतो, रंगाच्या कंपनीचा असतो, मजुरीच्या दराचाही असतो. कालवणार कशाने, हा रकाना मी आजवर पाहिला नाही. तो घाला. काँक्रीटला मिक्सर, गिलाव्याला पात्याचे यंत्र, मापाला फर्मा, पाण्याला खुणेची बादली आणि कालवणाऱ्याला बूट, हातमोजे व पाळीला बदली माणूस, एवढे लिहा आणि त्याचे पैसे द्या. कंत्राटदार म्हणेल, खर्च वाढतो. त्याला सांगा, वाढू दे. मग कामाच्या पहिल्या दिवशी खाली उतरून त्या ढिगाजवळ जा आणि कालवणाऱ्या बाईला विचारा, ‘बाई, किती पाणी घालता?’ तिला उत्तर ठाऊक असते. आजवर तिला कोणी विचारलेले नसते, एवढेच.